मनीऑर्डरीवरचं कोकण: गिरणीचा खरा खर्च कुणी उचलला?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आज सुरुवात एका आकड्याने करू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. अख्ख्या महाराष्ट्राची सरासरी होती ९२९. हे ऐकून पटकन वाटतं, वा, कोकणात मुलींना काय जपतात! पण त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या पोरांचा आकडा बघितला, तर रत्नागिरीतही मुलगेच जास्त. म्हणजे तिथे मुली जास्त जन्मतात असं नाही. मोठे झालेले पुरुष तिथे नसतात.

मग ते असतात कुठे? उत्तर तुम्हाला माहितीये. मुंबईत. आणि हे आजचं नाही. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर १,००० पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. शहरात राहणाऱ्या दर शंभर माणसांतली ऐंशीहून जास्त माणसं शहराबाहेर जन्मलेली होती. त्यातली दोन लाखांहून जास्त एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली. (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला. तो वेगळा झाला १९८१ मध्ये.)

ही गोष्ट आपण नेहमी एकाच बाजूने ऐकतो: कोकणात पोट भरेना, मुंबईने हात दिला, मनीऑर्डरीवर घरं चालली. हे खरंच आहे. पण हिशोबाच्या वहीला दोन बाजू असतात. मुंबईने कोकणाला पैसे पाठवले, तसं कोकणानेही मुंबईला काहीतरी पाठवलं, आणि ते कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही. आजचा भाग त्या दुसऱ्या बाजूचा.

का निघाले?

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी १८५४ ची, सूत निघायला लागलं १८५६ मध्ये, ताडदेवला. पुढच्या चाळीसेक वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांना माणसं हवी होती.

इकडे कोकणात काय होतं? डोंगर, वरकस जमीन, थोडं भात, थोडी नाचणी-वरी. पाऊस धो धो, पण पाणी सगळं समुद्रात. त्यात खोती पद्धत. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा माणूस, पण व्यवहारात तो गावचा मालकच. कुळाने कसायचं आणि पिकाचा मोठा वाटा, अनेक ठिकाणी निम्मा, खोताच्या खळ्यात न्यायचा. वर वेठबिगार वेगळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट मुंबईत आला. पण खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

म्हणजे मुंबईला जाणं ही नुसती पोटाची गोष्ट नव्हती. खोताचं देणं फेडायला रोख पैसा लागायचा आणि रोख पैसा गावात नव्हता. तो गिरणीत होता. जायला बोट होती: वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी, जयगड, दाभोळ अशी बंदरं घेत मुंबईला. पावसाळ्यात तीही बंद.

पगार एकाचा, घरं दोन

आता जरा अर्थशास्त्र. घाबरू नका, सोपंय.

कामगार उभा करायला खर्च येतो. त्याला जन्म द्या, पंधरा-सोळा वर्षं खाऊ घाला, आजारी पडला की सांभाळा, म्हातारा झाला की पोसा. कुठल्याही उद्योगाला हा खर्च कुणीतरी भरावाच लागतो. पगारातून, नाहीतर कर घेऊन सरकारने.

मुंबईच्या गिरण्यांनी पगार दिला तो एका माणसाला, तोही चालता-फिरता असेपर्यंत. बाकी सगळं गावावर. पोर गावात वाढलं, कामाला मुंबईत आलं. क्षय झाला, हात मशीनमध्ये गेला, मंदीत काम सुटलं, की परत गावाला. बायकोचं बाळंतपण गावाला. म्हातारपण गावाला. गिरणीला मिळाला तयार, तरणा माणूस, आणि त्याचा पुढचा-मागचा खर्च शून्य.

हा खर्च कोकणात कोण भरत होतं? बायका. लावणी, कापणी, गुरं, सासू-सासरे, पोरं, खोताशी बोलाचाली, सगळं त्यांच्या अंगावर. नवरा वर्षातून एकदा, मे महिन्यात नाहीतर शिमग्याला, चार-आठ दिवस यायचा.

गिरणी पगार किती कमी द्यायची? मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. त्यात दिसलं की कामगाराच्या घरात जेवढं धान्य खाल्लं जातं, ते तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा कमी आहे. हे सरकारनेच छापलंय! आणि पाहणीतल्या शंभरातल्या ९७ कुटुंबांचं घर म्हणजे एकच खोली.

पगाराची तऱ्हा पण ऐका. महिना भरला की लगेच पैसे नाहीत, पुढच्या महिन्याच्या मध्याला कधीतरी. म्हणजे नवीन आलेला माणूस पहिले दीड महिने खाणार काय? वाण्याकडे उधारी, पठाणाकडे व्याजाने पैसे. कामाला लागतानाच डोक्यावर कर्ज. आणि त्याच पगारातून गावाला मनीऑर्डर. पोस्टाची मनीऑर्डर देशात सुरू झाली १८८० मध्ये. कोकणात पोस्टमन म्हणजे नुसती पत्रं आणणारा माणूस नव्हता, घराघरात तोच पैसे मोजून द्यायचा.

गाळा आणि खानावळ

बायको गावाला, मग इथे माणूस राहायचा कसा? गावकऱ्यांच्या खोलीत. एका गावाची माणसं मिळून चाळीत एक खोली घ्यायची, तिलाच गावाचा गाळा म्हणायचं. दहा बाय सोळाची खोली आणि त्यात पंधरा-वीस माणसं. हे जमायचं कसं, तर पाळीवर. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. खोलीत गावचे नियम, गावचं भजन, गावच्या देवळासाठी वर्गणी. नवीन पोरगा बोटीतून उतरला की सरळ गाळ्यावर. काम लावून द्यायला गावचाच कुणी जॉबर बघायचा. कुणी गावाला गेला की त्याच्या जागी भाऊ किंवा चुलतभाऊ बदली म्हणून उभा राहायचा.

जेवण खानावळीत. खानावळ चालवायच्या बायका, स्वतःच्याच खोलीत. पहाटे उठून वीस-पंचवीस माणसांचं जेवण, पैसे महिन्याने, तोवर किराणा उधार, आणि ती उधारी जड व्याजाची. म्हणजे गिरणी पगार उशिरा द्यायची आणि त्या उशिराचं व्याज शेवटी भरायची खानावळवाली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी.

जात बोटीत मागे राहिली नाही

शहरात आलं की जात सुटते, असं आपल्याला वाटतं. थोडी सैल झाली, हे खरं. खोताच्या पुढ्यात वाकायचं नव्हतं, पगार रोख मिळत होता, मुलांना शाळा जवळ होती. आंबेडकरांचं कुटुंब मूळ आंबडव्याचं. ते परळला डबक चाळीत राहिलं, आणि तिथून बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलला गेले. पण गिरणीच्या आत बघा. विणकाम खात्यात पगार चांगला. तिथे महार कामगाराला घेत नसत. कारण? कांडी संपली की शटलच्या भोकातून नवा धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा. दुसऱ्याच्या उष्ट्या शटलचा विटाळ! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मशीन मँचेस्टरचं होतं, विटाळ आपला.

गाव हेच विमा

ही दोन घरांची व्यवस्था कामगाराच्या एका बाबतीत मात्र उपयोगी पडली. त्याच्याकडे पळायला जागा होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाला गेली. गिरण्यांना माणूस मिळेना, तेव्हा महिन्याचा पगार अडवून ठेवणारे मालक रोजचा पैसा रोज द्यायला तयार झाले. म्हणजे जमत होतं की!

संपातही तेच. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला. दीड लाख कामगार पगाराशिवाय सहा महिने कसे टिकले? बरेच जण गावाला गेले. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी हा मुद्दा नीट मांडलाय: गावाशी नातं असलेला कामगार कच्चा, अर्धवट कामगार असतो, असं मालक म्हणायचे, पण त्याच नात्याने त्याला लढायची ताकद दिली.

आता १८ जानेवारी १९८२ वर या. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. सामंत स्वतः मालवणजवळच्या देवबागचे. हा संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या, आणि कापड निघायला लागलं भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर.

पुन्हा माणसं गावाला गेली. पण गाव आता तेवढं उरलं नव्हतं. भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे झालेले. अनेकांनी बायका-मुलं मुंबईत आणलेली, पोरं इथल्या शाळेत. शंभर वर्षं जो विमा गावाने फुकट दिला, तो या वेळी पुरला नाही. मग घर कुणी चालवलं? धुणीभांडी, पापड, शिवणकाम करणाऱ्या बायकांनी. फरक एवढाच की पूर्वी हे काम गावात चालायचं, आता चाळीत.

गिरण्यांच्या जमिनीवर आज मॉल आणि काचेची ऑफिसं आहेत. त्या जमिनीची किंमत सगळे सांगतात. ज्या शेतांनी आणि ज्या बायकांनी त्या गिरण्यांना चार पिढ्या माणसं पुरवली, त्यांचा वाटा कुणी काढला नाही.

मग आज?

कोकणातून माणसं जायची थांबलीत का? नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा लोक म्हणाले, आता लोंढा उलटा फिरेल. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. आता कुटुंबंच्या कुटुंबं जातात, घराला कुलूप लागतं आणि ते गणपतीत उघडतं.

आणि मुंबईत गाळ्यावर आता कोण राहतं? उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला माणूस. तोही एका खोलीत दहा जण, तोही पगार गावाला पाठवतो. मनीऑर्डरच्या जागी मोबाईल आला, एवढंच. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तो चालत गावाला निघाला, तेव्हा आपण थक्क झालो. थक्क व्हायचं कारण नव्हतं. १८९७ मध्ये आपलेच पणजोबा असेच निघाले होते. त्याच २०२० मध्ये कोकणातल्या कित्येक गावांनी आपल्याच चाकरमान्याला वेशीवर अडवलं. ज्याच्या पैशावर गाव जगलं तो आजार घेऊन येईल, ही भीती. समजण्यासारखी होती, पण बोचणारीही होती.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं की बाहेरून आलेले लोक शहरावर भार आहेत, तर एवढंच विचारा: त्याला वीस वर्षांचा होईपर्यंत कुणी वाढवलं? आणि तो साठीचा झाला की कुणाच्या दारात जाणार आहे? दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा एखादं लांबचं गाव असतं, आणि त्या गावातली एखादी बाई.

तुमच्या घरात मनीऑर्डर यायची का? आजीला विचारा. पैसे किती यायचे हे तर विचाराच, पण ते यायचे नाहीत त्या महिन्यात ती काय करायची, हे नक्की विचारा. खरा इतिहास त्या उत्तरात सापडेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.