मोजायचे राहिलेले सातशे

पावनखिंड शिकवताना इतिहासाच्या सरांनी फळ्यावर डोंगर आणि समुद्र यांच्यामधली एक चिंचोळी वाट काढली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. थर्मोपिली, इ.स.पूर्व ४८०. समोर इराणचा सम्राट झर्क्सिस, खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याचे तीनशे वीर. बाजीप्रभू आणि लिओनिडास यांची तुलना सहामाहीला विचारली होती. मी ‘तीनशे’ लिहून पूर्ण गुण मिळवले. स्पार्टाच्या वीरांबरोबर थेस्पिया नावाच्या नगराचे सातशे जण स्वखुशीने खिंडीत थांबले आणि मारले गेले, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. ते मला कळायला पुढे बरीच वर्षे लागली.

आपली बॅच १९७८ साली दहावी झाली. त्याच वर्षी जॉन बिंटलिफ आणि अँथनी स्नॉडग्रास या पुरातत्त्वज्ञांनी ग्रीसच्या बिओशिया प्रांतात क्षेत्र-सर्वेक्षण सुरू केले. ऐंशीच्या दशकात इंग्लंडात शिकत असताना एका हंगामात मला त्या कामावर जायला मिळाले. घरी पत्र पोहोचले तेव्हा वडिलांना वाटले, पोरगा सोन्याची नाणी उकरायला निघाला.

प्रत्यक्षात आम्ही कुदळ हातात घेतच नव्हतो. सर्वेक्षण म्हणजे चालणे. शेताच्या बांधावर सगळ्यांनी एका ओळीत उभे राहायचे, दोघांमध्ये साधारण पंधरा मीटर अंतर. मग सरळ रेषेत चालायचे आणि पायाखाली दिसणारे प्रत्येक खापर मोजायचे. हातात बसचा कंडक्टर वापरेल असे मोजणीचे छोटे यंत्र. खापर दिसले की एकदा दाबायचे. शेत संपले की आकडा वहीत, आणि पुढचे शेत. गव्हाची कापणी झालेली, धसकटे पायाला टोचत होती. पश्चिमेला हेलिकॉन पर्वत, मध्ये ऑलिव्हची झाडे. थेस्पिया नगर याच परिसरात होते.

नगराच्या जागेवर खापरांचा नुसता खच. आपण ठिक्करपाणी खेळायला शोधायचो तसले तुकडे पावलोपावली पडलेले. तिथे मोजताना उत्साह असायचा. पण नगरापासून दूरच्या शेतांतही खापरे होती. विरळ, नखाएवढी, कडा झिजलेली. तिथे घर नाही, भिंत नाही, नाणे नाही. एका दुपारी ऊन असह्य झाले आणि मी मनाशी ठरवले, हा कचरा आहे. बारीक तुकड्यांकडे काणाडोळा केला, यंत्र दाबले नाही. तीन शेतांचे आकडे वहीत कमी लिहिले गेले. कुणाला कळले नाही.

संध्याकाळी जेवणानंतर त्याच विरळ खापरांवर चर्चा निघाली. घरे नसलेल्या शेतांत एवढी खापरे आली कुठून? बिंटलिफ आणि स्नॉडग्रास यांचे उत्तर होते: खतातून. नगरातल्या घरांचा केरकचरा, राख, जनावरांचे शेण एकत्र साठायचे, त्यात फुटकी भांडीही जायची. ते खत शेतकरी शेतात नेऊन टाकत. खत मातीत मिसळून गेले, खापर तेवढे उरले. नगराभोवती या तुकड्यांचे कडे दाट, दूर जावे तसे विरळ. त्यातली बरीच खापरे इ.स.पूर्व पाचव्या-चौथ्या शतकांतली, म्हणजे वस्ती भरात असतानाची. खाणारी तोंडे वाढली म्हणून जमिनीला खत घालावे लागत होते. हे मत सगळ्या अभ्यासकांनी मान्य केले असे नाही. काहींच्या मते पावसाच्या ओघळांनी किंवा मोडलेल्या छोट्या वस्त्यांमुळेही तुकडे पसरतात. पण कुठलीही बाजू तपासायची तर आकडे खरे हवेत.

माझी मान खाली गेली. परसातला उकिरडा, त्यात आजीने टाकलेली चुलीची राख आणि फुटलेले माठ, उन्हाळ्यात भरलेली शेणखताची गाडी, शेतात पाट्या रिकाम्या करताना बोटाला लागलेली खापरी, हे सगळे मी केलेले होते. त्या गटात हे उत्तर सर्वांत आधी ज्याला सुचायला हवे होते, त्यानेच ती खापरे मोजली नव्हती. गावाकडचे काही आठवू नये असे मला त्या काळी वाटायचे, हेही खरे.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी गटप्रमुखांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मग परत चालू या.” पहाटेच्या तिरप्या उन्हात अख्ख्या ओळीने ती तीन शेते पुन्हा तुडवली. आकडे आदल्या दिवशीच्या कितीतरी वर गेले.

थर्मोपिलीनंतर झर्क्सिसच्या सैन्याने थेस्पिया जाळले. पुढच्याच वर्षी प्लेटियाच्या रणभूमीवर त्या नगराचे उरलेले अठराशे लोक पुरेशा शस्त्रांविना येऊन उभे राहिले. त्यांची आणि त्यांच्या नातवंडांची भाकरी ज्या मातीतून आली, तिची हकिगत मी ‘कचरा’ म्हणून ओलांडली होती. थर्मोपिलीला त्या सातशेंसाठी वेगळे स्मारक उभे राहायला १९९७ साल उजाडले.

या स्मरणिकेसाठी बॅचची यादी माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्यांदा ती शेते आठवली. यादी दहावीच्या निकालावरून केलेली आहे. पाचवीत आपल्याबरोबर बसणारे, आणि सातवी-आठवीत दप्तर ठेवून औताला किंवा गिरणीत गेलेले किती तरी जण तिच्यात नाहीत. आमची खताची गाडी माझ्याबरोबर भरणारा माझा बाकावरचा सोबतीही नाही. संपादक मंडळाला विनंती केली आहे की शाळेचे जुने हजेरीपट काढून यादी पुन्हा करावी. ज्यांना नावे आठवतात, त्यांनी संमेलनाच्या दिवशी माझ्याकडे सांगावीत. मी वही घेऊन दारातच बसणार आहे.