कायरोनोमस रामोसस

द्विपंखी गणाच्या कायरोनोमिडी कुलातील, गोड्या पाण्यात वाढणारी व न चावणारी चिलटाची जाती. चौधुरी, दास व सबलेट या संशोधकांनी 1992 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. कायरोनोमस हा तिचा वंश माइगेन यांनी 1803 मध्येच स्थापन केला होता.

प्रौढ कीटक पाहून तो डासच वाटतो. मात्र रक्त शोषणारी सोंड त्याला नसते, पंखांवर खवले नसतात आणि बसल्यावर तो पुढचे पाय उचलून धरतो. डास मागचे पाय उचलतात. नराच्या शृंगिका पिसांसारख्या झुबकेदार असतात. प्रौढ अवस्था थोड्या दिवसांची असते. हिवतापाने वर्षानुवर्षे ग्रासलेल्या गडचिरोलीत हा फरक शाळेतल्या मुलांनाही ओळखता आला पाहिजे, कारण दिव्याभोवती घोंघावणारे हे थवे तो रोग पसरवत नाहीत.

रंगरूपावरून जाती ठरवणे मात्र धोक्याचे आहे. त्यासाठी नराची जननांगे आणि अळीच्या डोक्यावरील दातांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. त्याहून भरवशाचा पुरावा अळीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांत मिळतो. संशोधक बाल्बियानी यांनी 1881 मध्ये कायरोनोमसाच्या अळीतच ही गुणसूत्रे प्रथम पाहिली. त्यांवरील आडव्या पट्ट्यांचा क्रम जातीगणिक बदलतो, म्हणून बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जातीही वेगळ्या काढता येतात.

मादी जेलीसारख्या पुंजक्यात अंडी घालते. अळी चार टप्प्यांत वाढते. तळाच्या गाळात ती रेशमाची नळी विणते आणि अंग हेलकावत नळीतून पाणी खेळवते. सडका पाला, शेवाळ व सूक्ष्मजीव हे तिचे अन्न. हिमोग्लोबिनामुळे ती लालभडक दिसते; त्याच्याच बळावर प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही ती तग धरते. कोश पृष्ठभागावर येतो आणि त्यातून पंखधारी कीटक बाहेर पडतो.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या झाडीपट्टीत या वंशाला हवे तसे पाणी मुबलक आहे: धानाच्या बांध्या, बोड्या (लहान तळी), वैनगंगेकाठची साचलेली डबकी आणि सर्वांत मोलाचे मामा तलाव, म्हणजे 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर शासनाकडे आलेले जुने तलाव. त्यांच्या उथळ, गाळाच्या तळावर जंगलातला पाला साचत राहतो. लाल अळ्या त्यावर वाढतात, मासे व पाणपक्षी अळ्यांवर. ढिवर मासेमारांच्या जाळ्यात येणाऱ्या माशांची वाढही काही अंशी या अळ्यांवर होते.

लाल अळी दिसली की पाणी घाण, हा निष्कर्ष उतावळा आहे. स्वच्छ पाण्यातही या कुलाचे कीटक असतात. इतर जलकीटक नाहीसे होऊन केवळ लाल अळ्याच उरल्या, तर सांडपाण्याचा संशय घ्यावा. चंद्रपूर शहरातील रामाळा तलावासारख्या ठिकाणी तळाचा गाळ ऋतूगणिक तपासणे म्हणूनच पाण्याच्या एखाद्या नमुन्याहून अधिक सांगून जाते.

पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात बी. बी. नाथ व सहकाऱ्यांनी रामोससावर दीर्घकाळ काम केले आहे. माणसाला मारक ठरणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट गॅमा किरणे या जातीची अळी सोसते, असे त्यांच्या व भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांच्या प्रयोगांत दिसून आले.