तळटीप १७ : ‘क्रिसिपसचा कुत्रा’

१७. क्रिसिपस (सुमारे इ. स. पू. २७९–२०६) हा अथेन्समधील स्टोइक पंथाचा तिसरा प्रमुख. त्याचा हा दाखला सेक्स्टस एम्पिरिकसने नोंदवून ठेवला आहे. सावजामागे धावणारा कुत्रा तीन वाटा फुटतात तिथे येतो, दोन वाटा हुंगतो आणि माग न लागल्याने तिसरी न हुंगताच तिच्यावर सुटतो. म्हणजे ‘सावज पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेने गेले, पहिल्या नाही, दुसऱ्याही नाही, म्हणून तिसऱ्या.’ लेखकाने याला ‘युक्त’ अनुमान म्हटले आहे ते तांत्रिक अर्थाने : आधारविधाने सत्य असताना निष्कर्ष असत्य होऊच शकत नाही. तीन विधानांच्या सत्यता कोष्टकात आठ ओळी येतात. त्यांपैकी एकाच ओळीत सर्व आधारविधाने सत्य ठरतात आणि तिथे निष्कर्षही सत्य असतो. मात्र चौथी वाट असेल, तर पहिले आधारविधानच असत्य असू शकते. अनुमानाचा आकार तेव्हाही युक्तच राहतो. हा भेद ध्यानात न घेतल्यास पुढचे पान कळणार नाही. तिथले ‘पाऊस पडला की अंगण भिजते, अंगण भिजले आहे, म्हणून पाऊस पडला’ हे अनुमान नेमके उलटे : आधारविधाने खरी, आकार अयुक्त, कारण अंगण सड्यानेही भिजते. सत्यता कोष्टकाची पद्धत मात्र स्टोइकांची नव्हे. विट्गेनश्टाइन आणि एमिल पोस्ट यांनी ती १९२१ मध्ये स्वतंत्रपणे मांडली.