काचा बंद, हवा कोंडलेली : गाडीतील एसीची बटणे केव्हा व कशी वापरावीत?

कांजूरमार्ग, प्रतिनिधी - पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळी मागे पडली की ठाण्याकडे निघालेल्या गाड्यांच्या काचा एकामागून एक वर चढू लागतात. महामार्गाच्या खाडीकडील बाजूस असलेल्या कांजूरमार्ग क्षेपणभूमीवर २०११ पासून कचरा टाकला जात असून मुंबईच्या कचऱ्याचा मोठा भाग येथेच येतो. या जागेची न्यायालयीन लढाईही गाजली. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने येथील सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. वाहनचालकाच्या दृष्टीने मात्र प्रश्न तेवढ्यापुरता असतो. दुर्गंधी येताच तो काच चढवतो, एसी लावतो आणि डॅशबोर्डवरील एक छोटे बटण दाबतो. गाडीच्या आकृतीत गोल वळलेला बाण असलेले हे बटण. वास थांबतो, भांडुप मागे पडते, मुलुंडचा टोलनाकाही मागे जातो. बटण मात्र तसेच दाबलेले राहते. कित्येक गाड्यांत ते महिनोन्महिने कोणी उलट फिरवलेलेच नसते.

या बटणाचे काम नेमके काय, हे ठाऊक नसण्याचे परिणाम साध्या जांभईपासून अपघातापर्यंत कुठेही पोहोचू शकतात. त्यामुळे गाडीसोबत मिळालेल्या आणि बहुधा कप्प्यातच पडून राहिलेल्या पुस्तिकेतील ही पाने एकदा उलगडून पाहणे अगत्याचे आहे.

आतली हवा की बाहेरची?

गाडीत हवा येण्याचे दोन मार्ग असतात. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या कडेला असलेल्या जाळीतून बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. हा पहिला मार्ग. गोल बाणाचे बटण दाबले की एक झडप हा मार्ग बंद करते आणि पंखा गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवू लागतो, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाचा फायदा उघड आहे. मे महिन्याच्या दुपारी बाहेरची ३४ अंशांची दमट हवा थंड करण्यापेक्षा आतली आधीच थंड झालेली हवा आणखी थंड करणे एसीला सोपे जाते. गारवा लवकर येतो, कॉम्प्रेसरवरचा भार घटतो, इंधनही थोडे वाचते. पुढे काळा धूर सोडणारा ट्रक असेल, बोगदा असेल किंवा कांजूरची दुर्गंधी असेल, तर हेच बटण कामाचे.

तोटा डोळ्यांना दिसत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.०४ टक्क्याच्या आसपास असते. माणसाच्या उच्छ्वासात ते सुमारे चार टक्के, म्हणजे शंभरपट असते. चार माणसे एका छोट्या गाडीत बसून तीच हवा अर्धा-पाऊण तास घेत-सोडत राहिली, तर हे प्रमाण बाहेरच्या कित्येक पटींनी वाढते. धावती गाडी पूर्णपणे हवाबंद नसते, फटींतून थोडी हवा येतच असते. त्यामुळे कोणी गुदमरून जाईल अशी वेळ सहसा येत नाही. पण डोके जड होणे, जांभया येणे, मुले पेंगू लागणे ही लक्षणे दिसू लागतात. दिवसभराच्या कामाने आपण थकलो, अशी चालकाची समजूत होते. प्रत्यक्षात त्या थकव्यात कोंडलेल्या हवेचाही वाटा असू शकतो. पुणे द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या वेगाने जाताना आलेली पेंग काय करू शकते, हे वेगळे सांगायला नको.

उपाय अगदी सोपा आहे. वासाचा किंवा धुराचा पट्टा ओलांडला की बटण पुन्हा दाबून बाहेरची हवा सुरू करावी. कडक उन्हामुळे आतलीच हवा फिरवत ठेवायची असेल, तर दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन मिनिटे तरी ताजी हवा घ्यावी. गाडीत माणसे जितकी अधिक, तितकी ही गरज मोठी.

उभ्या गाडीत एसी लावून झोपणे

पवई आणि विक्रोळीच्या कार्यालयीन संकुलांच्या तळघरांत, साहेबांची वाट पाहत गाडीतच विसावलेले चालक कोणत्याही दुपारी दिसतात. आसन मागे केलेले, काचा बंद, इंजिन सुरू आणि एसी चालू. उकाडा पाहता त्यांना दोष देणे कठीण आहे. तरीही हा प्रकार थांबायला हवा, कारण येथे धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. इंजिनाच्या धुरातील या वायूला रंग नाही, वासही नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीही मिळत नाही. बंद तळघरात किंवा गॅरेजमध्ये हा वायू साचतो. सायलेन्सरच्या नळीला कुठे गळती असेल, तर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीतही तो शिरू शकतो. अशा वेळी आतली हवा फिरवण्याचे बटण दाबले तर शिरलेला वायू आतच राहतो; बाहेरची हवा घेतली आणि तळघरच धुराने भरलेले असेल, तर तीही विषारीच. सीएनजीवरील गाडी सुरक्षित, हा समजही अर्धवट आहे. ज्वलन अपुरे झाले तर तिच्या धुरातही हा वायू असतोच. थांबायचे असेल तर इंजिन बंद करून काचा खाली घ्याव्यात, हे बरे.

पावसाळ्यात हाच धोका रस्त्यावर येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या गाड्यांत अनेकांचा गुदमरून वा बुडून अंत झाला. पाण्याच्या दाबाने दारे उघडेनात आणि विजेवरच्या काचा व कुलुपे निकामी झाली. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसातही सायन परिसरात पाण्यात अडकलेल्या बंद गाडीत एक तरुण मृतावस्थेत आढळला. त्याचा मृत्यू गुदमरून झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. मागची नळी पाण्याखाली गेली की धुराला बाहेरची वाट उरत नाही आणि तो फटींतून गाडीत शिरू शकतो. म्हणून साचलेल्या पाण्यात गाडी अडकली, की 'पाणी ओसरेपर्यंत एसीत बसू' हा विचार सोडून द्यावा. विजेची यंत्रणा चालू आहे तोवरच काचा पूर्ण खाली कराव्यात, इंजिन बंद करावे आणि पाणी दाराच्या मध्यावर येण्याआधी बाहेर पडावे. काच फोडण्याची वेळ आलीच, तर बाजूची काच कोपऱ्यात फोडावी. पुढची काच दोन थरांची असल्याने तडकते, पण सहजी निखळत नाही.

काच धुरकट का होते?

पावसात पुढची काच अचानक पांढुरकी होते आणि चालक एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातील फडक्याने ती पुसू लागतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा गांधीनगर जंक्शनला पावसाळी संध्याकाळी हे दृश्य नेहमीचे. पण फडके हाती घेण्यापूर्वी एक पाहावे : बाष्प काचेच्या आतून धरले आहे की बाहेरून? बोट फिरवले की कळते, आणि दोहोंवरचा इलाज अगदी उलट आहे.

आतून धरले असेल तर दोष प्रवाशांच्या श्वासातील व ओल्या छत्र्यांतील ओलाव्याचा. येथे गोल बाणाचे बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी, एसी सुरू ठेवावा आणि वाऱ्याचा रोख पुढच्या काचेकडे वळवावा. (पंख्यासारख्या काचेवर वर जाणारे वाकडे बाण, ही त्याची खूण, तशीच खूण चौकोनी काचेत असेल तर ती मागच्या काचेची.) एसी हवा केवळ गार करत नाही, कोरडीही करतो. गाडीखाली पाणी ठिबकताना दिसते, ते हवेतून काढलेले हेच पाणी होय. ते पाहून घाबरायचे कारण नाही. उलट ते पायाजवळच्या गालिच्यावर येऊ लागले, तर बाहेर जाणारी नळी तुंबली असे समजावे.

बाहेरून धरले असेल तर मात्र एसी जास्त झाला आहे. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. काच त्याहून गार झाली की बाहेरच्या हवेतील बाष्प तिच्यावर बसते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बसते तसे. घाबरून गार वारा काचेवर सोडला की बाष्प आणखी धरते. अशा वेळी वायपर फिरवावा, वाऱ्याचा रोख काचेवरून काढून अंगाकडे वा पायाकडे करावा आणि तापमान दोन-चार अंशांनी वाढवावे. परदेशी पुस्तिकांत थंडीतल्या बाष्पाचीच चर्चा अधिक असते, त्यामुळे आपल्याकडचा हा प्रकार अनेकांना पुस्तकातून उमगत नाही.

मुंबईत हीटर कशाला?

निळ्यापासून लाल रंगापर्यंत फिरणारी गोल कळ पाहून मुंबईकर हसतो. पण ही कळ काय करते ते समजले, तर एसीच्या निम्म्या तक्रारी मिटाव्यात. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याभोवती फिरणारे गरम पाणी, म्हणजे कूलंट, डॅशबोर्डच्या मागे असलेल्या एका छोट्या रेडिएटरमधूनही जाते. कळ लाल बाजूस सरकली की एसीने गार केलेली हवा या तापलेल्या जाळीवरून जाऊ लागते. म्हणजे एक यंत्र गार करते आणि दुसरे तापवते. 'एसी गार करत नाही' म्हणून गॅस भरायला निघण्यापूर्वी ही कळ पूर्ण निळ्यावर आहे ना, हे पाहावे. आसन पुसताना किंवा मुलांच्या हातून ती सरकलेली असू शकते. अर्थात पावसाळी गारठ्यात काच कोरडी करायची असेल, तर एसी आणि थोडी ऊब यांची हीच जोडी उपयोगी पडते. हवा कोरडी होते आणि आत हुडहुडीही भरत नाही.

हीटरचा आणखी एक उपयोग घाटात होतो. भरलेली गाडी कसारा किंवा खंबाटकी चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकू लागला, तर प्रथम एसी बंद करावा, मग कळ पूर्ण लालवर आणि पंखा पूर्ण वेगात ठेवून काचा उघडाव्यात. इंजिनाची काही उष्णता त्या छोट्या रेडिएटरमार्गे गाडीत येते. प्रवाशांना घाम फुटेल, पण सुरक्षित जागा गाठेपर्यंत तग धरता येतो. गाडी थांबवल्यावर रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. विजेवरच्या गाड्यांना यातले बरेचसे लागू नाही. त्यांत इंजिनाची ऊब नसल्याने हीटर बॅटरीवर चालतो. धुराचाही धोका नाही, मात्र कोंडलेल्या श्वासांचा नियम त्यांनाही सारखाच.

उन्हातली गाडी आणि कुबट वास

उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीतले तापमान पन्नास अंशांपुढे सहज जाते. लहान मुलाला अशा गाडीत 'दोन मिनिटांसाठी' ठेवून उतरणे हा निव्वळ अविचार आहे. मुलांचे शरीर मोठ्यांच्या कित्येक पटींनी लवकर तापते. अशा गाडीत बसताच काचा चढवून एसी लावला जातो, तेथेच चूक होते. आधी सर्व काचा खाली करून मिनिटभर गाडी चालवावी, तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा चढवून काही वेळ आतली हवा फिरवावी. गाडी गार झाली की पंख्याचा वेग कमी करावा आणि बाहेरची हवा सुरू करावी. ज्या गाड्यांत स्वयंचलित यंत्रणा आहे, तेथे २४-२५ अंश लावून बाकीचे तिच्यावर सोपवलेले बरे. लवकर गार व्हावी म्हणून १८ लावल्याने गाडी लवकर गार होत नाही. फक्त नंतर स्वेटर शोधावा लागतो.

एसी लावताच येणारा कुबट वास कांजूरच्या क्षेपणभूमीचा नसून बहुतेक वेळा गाडीच्याच कूलिंग कॉइलचा असतो. गाडी बंद केल्यावर त्या कॉइलवर पाणी राहते आणि त्यावर बुरशी धरते. मुक्कामाला पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, की कॉइल कोरडी होते आणि वास पुष्कळ कमी होतो. एवढ्यावर भागले नाही तर एसी फिल्टर पाहावा. बहुतेक नव्या गाड्यांत तो समोरच्या कप्प्यामागे असतो आणि कप्पा उतरवला की हाताने काढता येतो. पुस्तिकेत तो बदलण्याचे किलोमीटर दिलेले असतात, पण लालबहादूर शास्त्री मार्ग व जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ४ आणि मेट्रो ६ च्या कामांच्या धुळीतून रोज गेलेल्या गाडीने तो आकडा गाठेपर्यंत थांबू नये. साधा कागदी फिल्टर धूळ अडवतो, वास अडवत नाही. त्यासाठी कोळशाचा थर असलेला फिल्टर मिळतो. किंमत थोडी अधिक, पण या महामार्गावरून रोज जाणाऱ्याने तोच बसवून घ्यावा.