विंडोज १० चा सपोर्ट संपला. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

घरातला आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अजून ठणठणीत आहे. बॅटरी लवकर उतरते, तेवढीच काय ती तक्रार. पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी त्यातलं विंडोज १० आता निवृत्त झालंय. २९ जुलै २०१५ ला आलेल्या या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तेव्हापासून ‘नवा घे’, ‘विंडोज ११ टाक’, ‘लिनक्सवर जा’ आणि ‘काहीही होत नाही, चालू दे’ असे चार सल्ले मिळतात. देणारा प्रत्येक जण ठाम असतो, कारण त्याचं स्वतःचं काम त्यात भागलेलं असतं.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

कॉम्प्युटर बंद पडत नाही. फाइल्स उघडतात, प्रिंट निघते. थांबतात ते दर महिन्याला मिळणारे मोफत सिक्युरिटी अपडेट. विंडोजमध्ये नव्या त्रुटी सापडतच राहतात, पण विंडोज १० मधली भोकं आता आपोआप बुजवली जात नाहीत.

यात धोका किती, हे २०१७ मध्ये दिसलं. विंडोजमधल्या एका त्रुटीवरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्या मार्चमध्ये दिला होता. अनेकांनी तो टाकलाच नाही. मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने त्याच वाटेने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, ब्रिटनमधली सरकारी हॉस्पिटलंसुद्धा. जूनमध्ये नॉटपेट्या आला आणि मर्स्क कंपनीच्या यंत्रणेतून त्याचा फटका थेट न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला बसला. नॉटपेट्या एका मशीनमधून पासवर्ड चोरून शेजारच्या अपडेट केलेल्या मशीनवरही जायचा. त्यामुळे ऑफिसच्या कोपऱ्यातला एकच जुना पीसी ही फक्त त्याची एकट्याची अडचण नसते. अँटिव्हायरस आहे म्हणून निश्चिंत राहणंही बरोबर नाही. तो चोर ओळखायचा प्रयत्न करतो, तुटलेली कडी दुरुस्त करत नाही.

विंडोज ११ का चढत नाही?

मोफत असूनही ते अनेक चांगल्या मशीनवर चढत नाही. त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, ती बहुतेकांकडे असते. अडतं ते टीपीएम २.० या सुरक्षा चिपवर आणि प्रोसेसरवर. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच यादीत आहेत. पिढी ओळखणं सोपं: ‘आय५-७२००’ मध्ये रेघेनंतरचा ७ म्हणजे सातवी, ‘आय५-८२५०’ असेल तर आठवी.

इथे एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ‘टीपीएम नाही’ असा मेसेज आला तरी ते मशीनमध्ये असू शकतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. नवा लॅपटॉप घेण्याआधी तेवढं तपासून घ्यावं. प्रोसेसर जुना असेल तर मात्र बायोसमध्ये जाऊन काही होत नाही. आडवाटेने विंडोज ११ टाकता येतं, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच बेभरवशाचं.

घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० वर एक वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर ती फुकट आहे, नाहीतर ३० डॉलर. विचार करायला वेळ हवा असेल त्यांनी ती जरूर घ्यावी.

लिनक्सवर मराठीचं काय?

लिनक्स मिंटसारखी सिस्टिम ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते, फुकट आहे आणि विंडोजच्या सवयीला फार धक्का देत नाही. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, लिबरऑफिसमध्ये अर्ज टाइप करणं एवढंच काम असेल तर अडायचं काही कारण नाही. युनिकोड मराठी नीट दिसतं आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो.

अडचण वेगळीच आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायटीच्या नोटिसा अशा कितीतरी फाइल्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये अडकलेल्या आहेत. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये खरं तर रोमन चिन्हंच असतात. फॉन्ट गेला की ‘शुभविवाह’च्या जागी अगम्य गिचमिड उरते. त्यासाठी लागणारी टायपिंगची आणि छपाईची सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजसाठीच बनलेली. टॅलीचंही तेच. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण महिनाअखेरीला जीएसटीचा हिशोब त्याच्या भरवशावर सोडू नये. अशा डीटीपीवाल्याला किंवा अकाउंटंटला ‘लिनक्स टाक’ सांगणारा त्याचं काम बघत नसतो. तो जुना पीसी इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या फाइल्ससाठी ठेवता येतो. मात्र त्यात लावलेला पेनड्राइव्ह दुसरीकडे वापरण्याआधी तपासायला हवा.

ॲक्टिव्हेटर वापरून टाकलेल्या पायरेटेड विंडोजबद्दल एवढंच, की अशा ॲक्टिव्हेटरमधूनच मालवेअर येण्याचे प्रकार भरपूर झालेत.

ठरत नसेल तर मिंट पेनड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करता येतो. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर, आवाज आणि मराठी टायपिंग तपासून बघता येतं. इंस्टॉल करायचं ठरलं तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावीत, कारण ‘इरेझ डिस्क’ हा पर्याय निवडला की विंडोजबरोबर तेही जातं.