खैराटच्या शाळेतलं लिनक्स

कोलाड नाक्यावर माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. रखडणाऱ्या जुन्या यंत्रावर लिनक्स चढवून दिलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दादा, हे फुकट कसं काय?" अशा वेळी मी आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो.

2007 साली कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपच्या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. पहिली ते चौथीची मुलं. 256 एमबी मेमरी, हार्ड डिस्क नाहीच. आत फेडोरावर बेतलेलं लिनक्स, वर 'शुगर' हा मुलांसाठी बनवलेला पडदा. मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्याच्या कीबोर्डवरची एक कळ: ती दाबली की समोर चाललेल्या प्रोग्रामचा मूळ पायथन कोड उघडावा, अशी योजना होती. चौथीतल्या पोराला यंत्राचं पोट उघडून बघायचा हक्क! रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच हक्कासाठी. लिनस टोरवाल्ड्सचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 1991 मध्ये आलं आणि ग्नूच्या साधनांशी जोडलं गेलं.

पण हक्क मिळाला तरी लिनक्सवर मराठी अक्षरं नीट दिसायला हवीत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसवायचं हे काम किचकट, आणि त्याचं कौतुक फार कमी झालं. आजही मी लिनक्स टाकल्यावर आधी 'रोहा' आणि 'कुंडलिका' ही आमच्या तालुक्याची आणि नदीची नावं लिहून गिऱ्हाइकाला दाखवतो.