खोली, न्हाणीघर आणि दीड डॉलर

गेल्या आठवड्यात अमेरिकेहून मुलाचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून पुन्हा फ्लोरिडाला जायचे घाटते आहे. बोलता बोलता सूनबाई म्हणाली, "आई, या वेळी हॉटेलात काय काय हवं ते आधीच सांगा हं. मागच्या वेळेसारखं नको."

मागच्या वेळेसारखे म्हणजे काय, ते सांगते. २०१४ साली आम्ही दोघे मुलाकडे गेलो होतो, तेव्हा नातवंडांच्या हट्टापायी ऑर्लँडोजवळच्या एका थीम पार्कच्या हॉटेलात चार रात्री राहिलो. हॉटेलाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करताना नातवाने टेबलावरचा कागद ओढला आणि "या हॉटेलात काय पाहिजे होतं" अशी यादी सुरू केली. त्याला पोहण्याचा तलाव रात्री बारापर्यंत उघडा हवा होता. नातीला वर-खाली झोपायचे पलंग हवे होते. सूनबाईला खोलीतच कपडे धुवायचे यंत्र आणि दुसरे न्हाणीघर, कारण सहा माणसे आणि एक आरसा! मुलाला उशाशी चार्जिंगची सोय आणि फुकट पार्किंग. मी म्हटले, "मला साधी पाणी उकळायची किटली लिही." खोलीत कॉफीचे यंत्र होते, पण त्यातून नुसते गरम पाणी काढले तरी त्याला कॉफीचा वास यायचा. त्यात केलेला चहा प्यायचा म्हणजे शिक्षाच.

"आजोबा, तुम्हाला काय हवं?" नातीने विचारले. हे म्हणाले, "मला काही नको. सगळं झकास आहे."

ते खरे नव्हते, हे मला एकटीला ठाऊक होते. त्याबद्दल पुढे लिहीनच.

शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे ती यादी पाहून माझ्या डोक्यात भलताच प्रश्न आला. खोलीत साबण असतो, दाराला किल्ली असते, दाराशी दिव्याचे बटण असते. हेसुद्धा कधीतरी कुणाच्या तरी यादीत असणारच की! मग त्या मुक्कामात आणि नंतर घरी येऊन जे वाचले, ते थोडक्यात सांगते.

अमेरिकेत जुन्या खाणावळींत अनोळखी माणसाशेजारी, कधी तर एकाच पलंगावर झोपावे लागे. १८२९ साली बॉस्टनला ट्रेमाँट हाऊस उघडले, तेव्हा पाहुण्याला स्वतःची कुलपाची खोली मिळणे, खोलीत साबण मिळणे आणि इमारतीच्या आतच संडास असणे ही मोठी नवलाई होती. पण न्हाणीघर मात्र खोलीत आले नव्हते. ते सर्वसामान्य गिऱ्हाइकाला मिळवून दिले एल्सवर्थ स्टॅटलर या माणसाने. हा गृहस्थ तेराव्या वर्षी व्हीलिंग गावातल्या हॉटेलात सामान उचलणारा पोऱ्या म्हणून लागला होता. म्हणजे पाहुणे कशावरून कुरकुरतात, ते त्याने लहानपणापासून कान देऊन ऐकलेले! १९०८ साली त्याने बफेलो शहरात ३०० खोल्यांचे हॉटेल काढले आणि प्रत्येक खोलीला न्हाणीघर दिले. जाहिरात अशी, की खोली आणि न्हाणीघर मिळून दीड डॉलर. हे परवडले कसे? दोन खोल्यांची न्हाणीघरे त्याने पाठीला पाठ लावून बांधली आणि दोघांचे नळ एकाच उभ्या पोकळीतून नेले. दारात शिरताच हाताशी दिव्याचे बटण, पूर्ण उंचीचा आरसा, गार पाण्याचा नळ हेही त्याच्या हॉटेलांत होते. मला तर वाटते, पोऱ्याचे काम केल्याशिवाय कुणाला हॉटेल काढायची परवानगीच देऊ नये.

दुसरी गोष्ट मुलाबाळांची. १९५१ साली मेम्फिसचे केमन्स विल्सन बायको आणि पाच मुलांना घेऊन मोटारीने वॉशिंग्टनला निघाले. वाटेतल्या मोटेलांत प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा घेत. मुले तर आईबापांच्याच खोलीत झोपणार, मग जादा कशाचे? विल्सन चिडले. पण चिडून गप्प बसले नाहीत, खोल्यांची मापे घेत परतले आणि १९५२ साली मेम्फिसला स्वतःचे मोटेल काढले. आईबापांबरोबर मुले फुकट, शिवाय पोहण्याचा तलाव, गार हवेचे यंत्र, टीव्ही आणि टेलिफोन. नकाशा काढणाऱ्याने एका चित्रपटाचे नाव गमतीने कागदावर लिहिले होते, तेच ठेवले गेले. तेच हे हॉलिडे इन.

आता थीम पार्कच्या हॉटेलांकडे येऊ. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडले, तेव्हा वॉल्ट डिस्ने यांच्याकडे हॉटेल बांधायला पैसेच उरले नव्हते. ते काम त्यांनी टेक्सासच्या तेलधंद्यातले आणि टीव्ही मालिका काढणारे जॅक रॅदर यांना दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेलँड हॉटेल सुरू झाले. नाव डिस्नेचे, मालकी रॅदर यांची! १९६१ साली मोनोरेल थेट हॉटेलापर्यंत आली. पण पार्कभोवती दुसऱ्यांची मोटेले उभी राहिली, आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा तिकडे जाऊ लागला. याची रुखरुख डिस्नेंना होतीच. म्हणून फ्लोरिडात त्यांनी एकदम सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. ते स्वतः १९६६ च्या डिसेंबरात वारले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले, तेव्हा पार्कच्या जोडीला कंटेंपररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेले तयार होती. कंटेंपररीच्या खोल्या जवळच्या कारखान्यात न्हाणीघरासकट पूर्ण तयार करून, क्रेनने उचलून सांगाड्यात बसवल्या होत्या, आणि मोनोरेल इमारतीच्या पोटातून जाते. नातवाला हे सांगितले तर तो म्हणाला, "आजी, लेगोसारखं!" बरोबरच आहे.

पण एवढी नवलाई असूनही सगळ्यांची सोय झाली नव्हतीच. ही हॉटेले महाग. मध्यम खिशाच्या लोकांसाठी कॅरिबियन बीच १९८८ साली आले आणि त्याहून स्वस्त ऑल-स्टार हॉटेले १९९४ पासून. १९९१ साली वाटणीच्या मालकीची सुट्टीची घरे सुरू झाली, तेव्हा त्यातल्या मोठ्या घरांत स्वयंपाकघर आणि कपडे धुवायचे यंत्र आले. २००६ च्या सुमारास ऑल-स्टार म्युझिकमध्ये दोन-दोन खोल्या एकत्र करून सहा माणसांची, दोन न्हाणीघरांची बिऱ्हाडे केली. २०१२ साली उघडलेल्या आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये तर अशी बिऱ्हाडे साध्या खोल्यांहून जास्त. म्हणजे आमच्या सूनबाईच्या दोन्ही मागण्या तिच्याआधी हजारो आयांनी केलेल्या होत्या. फक्त त्या आमच्या हॉटेलापर्यंत पोचल्या नव्हत्या!

मिळालेली सोय परत जाते, हेही खरे. विमानतळावरून फुकट बस, आणि सामान परस्पर खोलीत, अशी डिस्नेची सोय २००५ साली सुरू झाली आणि २०२१ च्या अखेरीस बंद झाली. याउलट, मुक्कामाच्या पाहुण्यांकडून रात्रीच्या पार्किंगचे पैसे घेणे २०१८ साली सुरू झाले, लोकांनी नाके मुरडली आणि २०२३ च्या जानेवारीत ते थांबले. कुरकुर अगदीच वाया जात नाही, एवढा बोध यातून घ्यावा.

पण हे सगळे वाचताना मला सारखे वाटत होते, की कुरकुर करायलासुद्धा आधी दाराच्या आत असावे लागते. मेम्फिसला विल्सन यांचे मोटेल उघडले, त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गोऱ्यांच्या हॉटेलांत काळ्या कुटुंबाला खोलीच मिळत नसे. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कमधल्या एका पोस्टमनने १९३६ पासून एक पुस्तिका काढली होती. काळ्या प्रवाशाला कुठे झोपायला मिळेल आणि कुठे जेवायला, याची ती यादी. आमच्या नातवाची यादी आणि ही यादी! हॉटेलांतला हा भेदभाव बेकायदा ठरला तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक त्याविरुद्ध कोर्टात गेला, पण त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला.

आणि आपल्याला तिकडे बोट दाखवायची सोय नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव लिहून मुक्काम केला. राहणे-जेवण मिळून रोजचा दीड रुपया. वर अंधारी जागा, विजेचा दिवा नाही, कंदिलाच्या उजेडात वाचत बसायचे. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. त्यांची सोयींबद्दल तक्रार नव्हती. पण अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत तास काढले. बफेलोचा दीड डॉलर आणि बडोद्याचा दीड रुपया हे दोन आकडे तेव्हापासून माझ्या मनात शेजारी शेजारी बसले आहेत. वर्गात मी हा प्रसंग अनेकदा शिकवला, पण स्वतः हॉटेलाच्या दारात उभी राहीपर्यंत त्याचे वजन मला नीट कळले नव्हते.

आता यांची गोष्ट. वर सांगितले की "सगळं झकास आहे" हे खरे नव्हते. आदल्या रात्री हे टबात पडले होते. तिकडच्या न्हाणीघरात आंघोळ करायची ती टबात उभे राहून, आणि टबाचा काठ गुडघ्याएवढा उंच. यांचे गुडघे तेव्हाच दुखत होते. पाय उचलताना तोल गेला आणि आधाराला हातात आला तो नुसता पडदा. खांद्याला मार बसला, हाड मोडले नाही ही देवाची कृपा. मी मुलाला हाक मारणार, तर हे म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. पोरांची सहल बिघडेल."

संध्याकाळी हात वर होईना, तेव्हा सगळे बाहेर आलेच. मुलगा रागावला. चौकशी केली तर कळले, की त्याच हॉटेलात बिनउंबऱ्याच्या न्हाणीघरांच्या खोल्या होत्या, भिंतीला धरायला दांडे होते. फक्त आधी मागायचे होते. आता त्या सगळ्या भरल्या होत्या. बिचाऱ्यांनी लगेच एक प्लास्टिकचे बसायचे आसन आणून दिले आणि उरलेल्या रात्री निभावल्या. पण हे मुलाला म्हणाले, "अरे, त्या खोल्या अपंगांसाठी असतात. आपण कशाला मागायच्या?"

त्या खोल्या आल्या कुठून, तेही मी मग वाचले. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनला अनेक अपंग माणसे आपल्या चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढली. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्यांच्या हक्काचा कायदा अडकून पडला होता, तो पुढे सरकावा म्हणून. २६ जुलैला थोरल्या बुश यांनी त्यावर सही केली. त्या कायद्याच्या नियमांनुसार पन्नासहून जास्त खोल्यांच्या हॉटेलात काही खोल्यांना तरी बिनउंबऱ्याचे न्हाणीघर द्यावेच लागते. आपल्याकडेही २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला.

म्हणजे एका लहान मुलीने पायऱ्या सरपटत चढून मिळवलेली सोय तिथे तयार होती, आणि आम्ही ती लाजेपोटी मागितली नाही. आमच्या पिढीला "काही नको" म्हणायची सवयच लागलेली आहे. त्याला आपण समाधानी स्वभाव म्हणतो. पण त्यात थोडी भीती असते, थोडा अहंकारही असतो. आणि त्रास मात्र शेवटी घरच्यांनाच होतो. असो.

परवा यांना विचारले, "सूनबाईला काय कळवू?" पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "खालच्या मजल्यावर, बिनउंबऱ्याचं न्हाणीघर, धरायला दांडा. आणि बसून आंघोळ करायला आसन. मोघम नको, नीट लिहून कळव."

तसेच कळवले आहे. खाली माझी एक ओळ जोडली, की किटली नसली तरी चालेल, मी घरून आणीन.